मॅव्हिससाठी हलकी काडतुसं

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी जंगलात ओरडणं हे महापाप आहे. चर्चमध्ये ओरडलेलं एक वेळ चालतं; तिथं निदान कोणी नेम धरून बसलेलं नसतं. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात एका माणसाला अशाच सकाळी शिंक आली होती. तो मरून कित्येक वर्षं झाली, पण त्याच्या नातवंडांची ओळख अजून ‘ते शिंकेवाले’ अशीच करून देतात.

नॉर्बर्टला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तो आपल्या मचाणावरून उतरला तो चोरासारखा. खाली पाय टेकल्यावर मात्र बर्फातून धावत सुटला.

नुकतंच उजाडत होतं. दूर कुठंतरी यंदाचा पहिला बार झाला होता, आणि त्या आवाजासरशी त्याला गुरुवारचा टेलिफोन आठवला होता.

गुरुवारी तो तळघरात मॅव्हिससाठी काडतुसं भरत होता. मॅव्हिस त्याची बायको. पुठ्ठ्यावर तिचा नेम अचूक. हरणावर मात्र तिने आजवर एकही गोळी झाडली नव्हती. बंदूक खांद्याला लावायची, बघत राहायचं आणि खाली ठेवायची. तिला धक्क्याची भीती वाटते, असं निदान नॉर्बर्टने तिला न विचारता केलं होतं. त्यावर उपायही काढला होता: पटकन जळणारी बंदुकीची दारू, पण अगदी चिमूटभर. त्या चिमटीने काडतुसाचं पितळी कवच अर्धंही भरत नाही. चुकून दुसऱ्यांदा घातली तरी वर काही सांडत नाही, कळतही नाही. कळतं ते चाप ओढल्यावर. मग बंदुकीचा मागचा भाग फुटतो, आणि त्याच्यामागे धरणाऱ्याचं तोंड असतं.

ते भरणं चालू असताना मेव्हण्याचा फोन आला. सॉसेज किती आणू, म्हणून. बोलून परत आल्यावर आपण नक्की कुठल्या कवचापासून पुढे सुरुवात केली, ते नॉर्बर्टला आता काही केल्या आठवेना. एरवी तो शेवटी प्रत्येक कवचात विजेरी मारून बघायचा. त्या दिवशी सॉसेजच्या गडबडीत तेही राहिलं होतं.

मॅव्हिसचा मोबाइल जंगलात बंद असतो.

टेकाडावर मेव्हणा ड्वेन त्याच्या मचाणात होता. तो वरून फिसकारला, “नॉर्ब! बस खाली, गाढवा!”

“मॅव्हिसकडे चाललोय.”

“आत्ता? वर्षभर एकाच घरात राहता की रे तुम्ही!”

“काम आहे.”

“संध्याकाळी कर! मोठा नर आत्ताच तिच्या बाजूला उतरलाय. हे एवढाले शिंगांचे फाटे. तो बुजला ना तुझ्यामुळे, तर...”

पुढचं नॉर्बर्टने ऐकलं नाही. नर तिच्या बाजूला उतरलाय, एवढंच ऐकलं. तो ओढ्यात घसरला, गुडघ्यापर्यंत भिजला, झुडपांतून ओरबाडत पलीकडे निघाला आणि थबकला.

नर मोकळ्यावर उभा होता, अगदी आडवा. मचाणावर मॅव्हिस. केशरी टोपी, गाल दस्त्याला टेकलेला, बंदूक खांद्याला घट्ट.

त्याने हाक मारली. तोंडातून बाहेर आली ती कुजबूज. जन्मभराची सवय घशात बसलेली होती. दुसरी हाक मारली, तीही कुजबूजच. मॅव्हिसचं बोट चापाकडे सरकल्यासारखं त्याला वाटलं.

“मॅव्हिस! झाडू नकोस! झाडू नकोस गं!”

सगळं रान दणाणलं. पांढरी शेपटी उभारून नर दोन उड्यांत दिसेनासा झाला. टेकाडावरून ड्वेनची शिवी आली. तीही मोठ्याने; आता काय फरक पडणार होता.

मॅव्हिसने बंदूक खाली घेतली. “कोण वारलं?”

“कोणी नाही. काडतूस काढ. सावकाश. नळी पलीकडे कर आणि तोंड बाजूला घे.” एवढं सांगून नॉर्बर्ट स्वतः बर्चच्या झाडाआड गेला.

बंदुकीचा बोल्ट मागे सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

“निघालं?”

“काय निघायचंय? रिकामी आहे.”

“रिकामी?”

“मी भरत नाही.”

नॉर्बर्ट झाडाआडून बाहेर आला. “आज?”

“कधीच नाही.”

“मग नेम कशाला धरून बसतेस?”

“बंदुकीवर दुर्बीण छान बसवलीयस तू. त्यांच्या पापण्या दिसतात.”

नॉर्बर्ट होता तिथंच बर्फात बसला. बुटांत ओढ्याचं पाणी होतं. त्याने जरा आशेने विचारलं, “धक्क्याची भीती वाटते म्हणून ना?”

“खांदा माझा ठणठणीत आहे, नॉर्ब.” तिने खिशातून काडतुसांची पेटी काढून त्याच्याकडे टाकली. वरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. मग तिने थर्मासचं झाकण फिरवलं. “वर ये म्हटलं असतं, पण इथं एकाचीच जागा आहे.”

संध्याकाळी तळघरात त्याने पेटीतलं एकूण एक काडतूस उघडून दारू तोलली. सगळ्यांत माप बरोबर होतं.

मग त्याने ती सगळी पुन्हा भरली, दारू आणखी थोडी कमी घालून.