अंगणवाडीचं अंगण

"कारखान्यात किती वर्षं काम केलंत?" एक्स-रे उजेडासमोर धरत डॉक्टरांनी विचारलं.

"मी कधी फाटकाच्या आतसुद्धा गेले नाही," वत्सला म्हणाली. "आमची वस्ती कारखान्याच्या भिंतीला लागून आहे, एवढंच."

 डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या कारखान्यात सिमेंटच्या पत्र्यांत घालतात त्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासातून आत गेली की फुप्फुसात रुतून बसते, आणि आजार बऱ्याच वर्षांनी वर येतो. आता उपाय फारसा उरला नव्हता.

ती वस्तीत परतली तेव्हा अंगणवाडीसमोर कारखान्याचा ट्रॅक्टर उभा होता. फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचा भुगा अंगणात ओतला होता, आणि तिची सून चार बायकांबरोबर तो खराट्याने पसरत होती. नातू शेजारीच भुग्यात खेळत होता.

"आई, कंपनीने फुकट दिलाय! आता पावसाळ्यात चिखल होणार नाही," सून आनंदाने ओरडली.

"बाळाला उचल आधी," वत्सलाला सांगायचं होतं. पण पहिल्याच शब्दाला खोकल्याची उबळ आली आणि ती मटकन खाली बसली.

खराटे टाकून सगळ्या तिच्याकडे धावल्या. मागे एकटा राहिलेला नातू त्यांच्या पायांनी उडालेली पांढरी धूळ पकडायला हात उंचावून हसत होता.