बुरूज शेवटी

"बुरूज शेवटी दाखवतो," फुल्बेर म्हणाला. "तिथून एकदा तळं बघितलं, की मग बघायचं काही उरत नाही."

पाहुणा हसला. बाझील त्याचं नाव. ल्यों शहरातला माणूस, देखणा, कानशिलं पांढरी झालेली. त्याला दिवसभरासाठी वाटाड्या हवा होता, आणि शेवनाल गावात वाटाड्या एकच, फुल्बेर.

फुल्बेरनं त्याला काल धक्क्यावर बोटीतून उतरतानाच ओळखलं होतं. त्याच्या बायकोच्या, ब्लांदीनच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत, याच माणसाचा फोटो होता. ती घर सोडून निघाली होती ती याच्यापायी! इतकी वर्षं फुल्बेर मनातल्या मनात या माणसाचा गळा आवळत आला होता, आणि आता तो आपल्या पायांनी चालत आला होता. काल संध्याकाळी फुल्बेर पाना घेऊन बुरुजावर गेला आणि तळ्याकडच्या कठड्याचे खिळे-बोल्ट सैल करून आला. जुना कठडा, नवखा पाहुणा. कोण काय म्हणणार होतं?

आधी त्यानं कोळ्यांचं देऊळ दाखवलं. बुडालेल्यांची नावं तिथं भिंतीवर कोरलेली. सगळ्यात खाली ब्लांदीन, तिच्या वरच तिचे वडील.

बाझील तिथंच रेंगाळला. "या कोण?"

"माझी बायको. सकाळी पोहायला गेली. कपडे तेवढे काठावर राहिले."

"सापडल्या नाहीत?"

"नाही. आमच्याकडे पावात मेणबत्ती खोचून पाण्यात सोडतात. पाव थांबेल तिथं माणूस असतं, म्हणतात. तीनदा सोडला."

"मग?"

"तिन्ही वेळा काठाला परत आला. वारा होता त्या दिवशी." फुल्बेरनं टोपी डोक्यावर ठेवली. "चला साहेब, धुण्याचा घाट बघू."

घाट झाला, धबधबा झाला, द्राक्षांच्या मळ्यातली जुनी वाट झाली. बाझील प्रत्येक दगडाची चौकशी करत होता. जंगलाच्या तोंडाशी एक पाटी दिसली तसा तो थांबला. "बर्फाची विहीर? ही काय भानगड?"

"पूर्वी थंडीत तळ्यावरचा बर्फ कापून त्यात साठवायचे. आता काही नाही हो, खचलीय. साप निघतात."

"वरून डोकावू की."

"पाय मोडला तर तुम्हाला खांद्यावरून मीच नेणार ना? माझ्या कमरेची तरी दया करा, साहेब!"

दोघंही हसले. फुल्बेरला त्या हसण्याची किळस आली. ब्लांदीन हेच हसणं ऐकून भुलली असेल, असं त्याच्या मनात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यानं आवाज गोडच ठेवला. सुंठीवाचून खोकला जायचा होता, घाई कशाला?

दुपारी होडीनं ते पलीकडच्या काठावर खानावळीत गेले. मालकीणबाई जाडजूड आणि तोंडाळ.

"पर्च मासा आहे, सकाळीच तळ्यातून काढलेला. लोण्यात तळलाय. नको म्हणालात तर मला राग येईल!"

"आणा दोघांना," बाझील म्हणाला.

ताटं आली. बाझीलनं काटा उचलला, खाली ठेवला आणि पोटावर हात फिरवला. "होडीनं घात केला वाटतं. मला नुसता पाव द्या, बाई. फुल्बेर, तुम्ही जेवा हो."

फुल्बेरनं इकडेतिकडे पाहिलं. शेवनालचं कुणीच नव्हतं. लोण्याचा वास नाकात शिरला होता. त्यानं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळेच मिटले. किती वर्षांनी!

"माझंही घ्या," बाझीलनं आपलं ताट पुढे सरकवलं. "वाया कशाला घालवायचं?"

"बघा बघा," मालकीणबाई ओरडली, "असा खाणारा असला की रांधणारीचं पोट भरतं!"

फुल्बेरनं दोन्ही ताटं संपवली, वर थंड पांढरी वाइन घेतली. ज्याला आज संपवायचं त्याच्याच पैशानं जेवण. झकास! पोट बरं नाही म्हणून बाझील मागच्या अंगणात गेला तो बराच वेळ आला नाही. फुल्बेरनं घाई केली नाही.

उन्हं कलता कलता ते बुरुजावर चढले. वर दोघंच. खाली तळं सोन्यासारखं झळकत होतं.

"पुढे या की," फुल्बेर म्हणाला. "कठड्याला टेकून बघा, पार धबधब्यापर्यंत दिसतं."

बाझील जिन्याच्या तोंडाशीच, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "मला इथूनही हवं ते दिसतंय."

"घाबरलात होय? ल्योंचे लोक म्हणजे अगदी बायकी!"

बाझील तळ्याकडे बघतच नव्हता, जंगलाकडे बघत होता. फुल्बेरनं तिकडे मान वळवली. झाडांच्या कडेला पोलिसांची निळी गाडी उभी होती. चार-पाच माणसं बर्फाच्या विहिरीभोवती वाकली होती.

"हे... हे तिथं काय करतायत?"

"दोर सोडतायत. तुम्ही मला डोकावू दिलं नाहीत ना, तिथंच. जेवताना मीच फोन केला. हवालदार शेवनालचाच निघाला, त्याला फार काही सांगावं लागलं नाही."

"काय सांगितलंत त्याला?" फुल्बेरनं विचारलं.

"आपलं माणूस ज्या पाण्यात आहे, त्या पाण्यातला मासा खायचा नाही, ही तुमच्या गावची रीत. बाप बुडाल्यापासून ब्लांदीननं कधी खाल्ला नाही. ती बुडाली असं कळलं, तेव्हापासून मीही सोडला." बाझीलनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. "आणि तू तर आज माझंही ताट चाटूनपुसून खाल्लंस."