नऊ भोकं

मिसुरीतल्या आमच्या बंदुकांच्या दुकानात क्लेटन छाती फुगवून शिरला. नवं घर, नवी शॉटगन. चोरासाठी काडतुसं हवी होती. "पॅसेजच्या भिंतीमागे काय आहे?" मी विचारलं. "पोरीची खोली." "मग बारीक छर्ऱ्यांची घे. भिंती जिप्समच्या असतात रे, मोठे छर्रे आरपार जातात." "मावशी, ती चिमण्यांसाठी! मला सगळ्यांत मोठ्या छर्ऱ्यांचं खोकं द्या." असले शूरवीर रोज येतात, व्हिडिओ बघून मलाच शिकवतात. मी खोकं समोर ठेवलं आणि काउंटरखालून जिप्समच्या भिंतीचा तुकडा काढला. त्याला एकाच काडतुसाची नऊ भोकं होती. "वा, काय दणका!" क्लेटन खुलला. मी तुकडा उलटा केला. मागे बाळाच्या खोलीतला, पिवळ्या बदकांचा वॉलपेपर. "त्या बाळाचा बापही तुझ्यासारखाच वाघ होता. हेच खोकं नेलं, मीच विकलं." क्लेटनने विचारलं, "चोर मेला ना?" "चोर कसला, मांजर होतं त्यांचं." त्याने खोकं उचललं. "आमच्याकडे मांजर नाही."