जाड बुडाचं पातेलं

"आज तर पार कोळसा केलात, आत्या!" बाह्या सरसावत इंजिनिअरांनी पातेल्यात डोकं घातलं. आवाजात तक्रार नव्हती. नवीन खेळणं मिळाल्याचा आनंद होता.

"वय झालं माझं. लक्ष राहत नाही," आत्या म्हणाल्या आणि टेबल पुसत राहिल्या.

शहराच्या ऐन मध्यात, दाटीवाटीच्या वस्तीत ते जुनं चर्च होतं. दर शनिवारी शहराबाहेरच्या मोठ्या चर्चची बस स्वयंसेवकांना घेऊन यायची आणि दोन्ही मंडळ्या मिळून वस्तीला दुपारचं जेवण द्यायच्या. ब्रेड आणि सूप. सूप आत्यांचं. त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही त्यांना आत्याच म्हणत आणि वाडगा दुसऱ्यांदा पुढे करत.

बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर बायको गेल्यावर या बसने येऊ लागले होते. पहिल्या शनिवारी त्यांना वाढायला उभं केलं. त्यांनी प्रत्येक पळी डोळ्यांसमोर धरून, नेमकी सपाट भरून वाढली. रांग रस्त्यावर गेली. मग त्यांना मुलांच्या वर्गात बसवलं. तिथे त्यांनी एका मुलीला फुगा का फुटतो हे इतकं नीट समजावलं, की तिने हातातला फुगा परत देऊन टाकला.

"मला इथलं काहीच जमत नाही हो," निघताना ते स्वयंपाकघराच्या दारात म्हणाले होते. "पुढच्या वेळी बसमध्ये उगाच जागा कशाला अडवू?"

"घरी कोण असतं?" आत्यांनी विचारलं.

"रेडिओ."

पुढच्याच शनिवारी पातेलं लागलं. तेव्हापासून दर शनिवारी लागत होतं. इंजिनिअर सोडा टाकत, गरम पाणी ओतत, थांबत, घासत. घासता घासता बायकोबद्दल बोलत, मग बॉयलरबद्दल, मग पुन्हा बायकोबद्दल. आत्या भांडी पुसत ऐकत आणि बॉयलर आला की अंदाजाने "अगंबाई" म्हणत.

शेवटी शहराबाहेरच्या मंडळीला आत्यांची दया आली. त्यांनी नवं पातेलं भेट पाठवलं. जाड बुडाचं, झगझगीत, दोघांनी उचलावं असं.

"संपली बघा कटकट!" जुनं पातेलं भंगारात देऊन आलेले इथल्या चर्चचे पाळक हात चोळत म्हणाले. आत्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी आभाराची प्रार्थना आटोपती घेतली.

शनिवारी आत्यांनी सूप वाढायच्या भांड्यांत ओतलं. नेहमीसारखं थोडं तळाशी ठेवलं आणि नेहमीसारखा गॅस मोठा केला. सूप उकळलं, आटलं, वाळलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला. आत्यांनी घाईघाईने उलथणं घातलं, तर सगळं पापुद्र्यासारखं अलगद सुटून आलं. खाली बूड लखलखत होतं.

इंजिनिअर बाह्या सरसावतच आत आले. पातेल्यात वाकले. तळातून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

"लागलं नाही?"

"नाही लागलं," आत्या म्हणाल्या. आवाज गुन्हा कबूल केल्यासारखा आला. "मग आज तुम्ही वाढायला..." त्या मध्येच थांबल्या. रांग दोघांनाही आठवली.

इंजिनिअरांनी एक बाही खाली घेतली. दुसरी घेता घेता थांबले. बोटाच्या पेराने बूड वाजवून पाहिलं. उलथण्यावरचा पापुद्रा नाकाशी नेऊन हुंगला. मग दाराकडे नजर टाकली, बाहेर पाळक नाहीत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"बूड फार जाड आहे, आत्या. नुसत्या आचेने नाही व्हायचं. पुढच्या शनिवारपासून गॅस मोठा करायच्या आधी दोन चमचे साखर टाकत जा."