उलटी सीट

खांद्यांनी दगा दिला तशी म्हाताऱ्या नावाड्याने वल्ही खाली ठेवली आणि बायकोला घेऊन तो जुन्या मोटरबोटी बघायला आला. धुक्यात दोन बोटी पेंगत डुलत होत्या. एक लालचुटूक, वाऱ्याशी पैज लावील अशी. दुसरी उन्हाने विटलेली निळी. तो लाल बोटीत चढला आणि वल्हवायच्या सवयीने स्टिअरिंगकडे पाठ करून बसला.

विकणारा हसला. "काका, हिच्यात पुढे बघायचं असतं!"

नावाडी वळला. समोर नुसतं पाणी आणि धुकं. जन्मभर समोर बसलेल्या बायकोच्या भुवया बघून त्याने खडक चुकवले होते. त्या भुवया आता दिसेनात.

बायको तोवर निळ्या बोटीत, स्टिअरिंगशेजारी जाऊन बसली होती.

"काकू, ती सीट उलटी आहे. तिथून फक्त चालवणारा दिसतो, पुढचं काही दिसत नाही."

"पुढचं बघून बघून डोळे शिणले रे बाबा," ती म्हणाली. "हे आपले निवांत माझं तोंड बघत वल्हवायचे, आणि मी ह्यांच्या खांद्यावरून खडक शोधायची. आता खडक ह्यांना बघू दे. मी जरा ह्यांना बघते."