खिशातला अडॅप्टर

बहीण स्नेहलचं लग्न झालं त्याच वर्षी रणजीतच्या महाळुंग्याच्या घरातला व्हिडिओ साठवायचा डबा सारखा बंद पडू लागला. वारलेल्या आईचा आवाज फक्त त्यातच उरला होता. चाळीस सेकंदांचा एकच व्हिडिओ, आणि रणजीतचे वडील भिमाजी तो रोज टीव्हीवर लावायचे.

“परत गेला रं!” वडील बाहेरच्या खोलीतून ओरडले.

“माझ्या डोळ्यांपुढंच गेला, आबा! सकाळपासून सातवी खेप हाय!”

रणजीत कंपनीत मेंटेनन्सला होता. त्याने मीटर लावला. नुसता अडॅप्टर बारा व्होल्ट दाखवायचा, डबा जोडला की आठवर यायचा. म्हणजे अडॅप्टरच गेला होता. कुणी मधेच चालू करू नये म्हणून, कंपनीतल्या सवयीने त्याने तो काढून खिशात घातला. मग वैतागून एकेक स्क्रू काढत डबा उघडला.

आतला पंखा फिरत होता.

त्याने पुन्हा मीटर लावला. शून्य.

“आबा, टीव्ही बंद करा आधी!”

“थांब की. तुजी आय बोलतीया.”

चाळीस सेकंदं केव्हाच संपली होती. आई बोलतच होती.

“व्हय, व्हय, आलो,” भिमाजी हळूच तिला म्हणाले.

भिमाजी त्याच दुपारी चार वाजता वारले.