उणे दहा कोटी किलोचं बाळ

पहिल्या बाळाचं वजन शून्य निघालं. दुसऱ्याचं उणे दहा कोटी त्र्याहत्तर लाख किलो.

"मग त्याला ही पेटी पुरायची नाही," मोठ्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. त्यांच्यापुढे कागद, पेन्सिल आणि अकरा बाळांची यादी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड तो; काचेच्या पेट्यांमधलं एकही बाळ दीड किलोच्या वर नव्हतं.

वॉर्डातला जुना कॉम्प्युटर त्या पहाटे कायमचा गेला होता. कुठल्या बाळाला तासाला किती सलाइन, हे एकवीस वर्षं तोच सांगत आला होता. आता सिस्टर पहाटेपासून हाताने आकडेमोड करत होत्या, आणि दुपारी बाराला अकराही बाळांचं सलाइन नव्याने लावायचं होतं.

जुन्याच्या पोटातून एकच फाईल जिवंत निघाली होती, त्याच प्रोग्रॅमची. पण तीही यंत्राला कळेल अशी दळून ठेवलेली. मूळ मजकूर कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पीठ हातात, धान्याचा पत्ता नाही. फार्मासिस्टला नव्या कॉम्प्युटरवरची एक सोपी भाषा जेमतेम येत होती. त्या भाषेतून या फाईलला बाळाचं वजन कळवायचं आणि तिचं उत्तर घ्यायचं, एवढंच काम. थोडक्यात, तिने मध्यस्थी पत्करली होती. आणि लग्नं मोडतात ती मध्यस्थामुळेच, हे तिला दोन तासांत पटलं होतं.

पडद्यावर प्रोग्रॅमचा खुलासा तसाच उभा होता: 'वजन -107374184 मिळाले. असे बाळ नसते. पुन्हा काट्यावर ठेवा.'

"असं कोण लिहितं हो प्रोग्रॅममध्ये?" फार्मासिस्टने विचारलं.

"दुसरं कोण? तुमचा शंकासुर."

शंकासुर म्हणजे दवाखान्याची यंत्रं दुरुस्त करणारे, आता निवृत्त झालेले गृहस्थ. लिफ्टचं बटण दाबल्यावर ते दाबलं गेलं का, हे वाकून बघणारे. वजन शून्य असलं तर, आठ किलोच्या वर असलं तर, असल्या तपासण्या त्यांनी प्रोग्रॅममध्ये ठासून भरल्या, तेव्हा सगळा वॉर्ड हसला होता. इथे आठ किलोचा आकडा कोण घालणार? "तुम्हीच घालाल," ते म्हणाले होते.

फार्मासिस्टने ती ओळ पुन्हा वाचली. आपल्याला काय मिळालं, ते प्रोग्रॅम बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता. तिने तर एक पूर्णांक तीन पाठवलं होतं. म्हणजे घोटाळा वाटेत होता, आणि वाट तिची होती.

मग उलगडायला वेळ लागला नाही. तिची भाषा अपूर्णांक आठ खणांत, म्हणजे आठ बाइटांत, मांडून पाठवत होती. जुना प्रोग्रॅम त्यातले चारच वाचत होता, तेही शेपटाकडचे. त्याच्या तरुणपणी एवढे आकडे चार खणांतच संसार करायचे. तिने एक ओळ बदलली. बाराला वीस मिनिटं होती.

दहा उत्तरं सिस्टरच्या कागदाशी तंतोतंत जुळली. नवव्या पेटीचं जुळेना. प्रोग्रॅम म्हणत होता तासाला चार मिली. कागदावर सात.

"अजून काहीतरी चुकतंय माझं," फार्मासिस्ट म्हणाली.

सिस्टर नवव्या पेटीवरचं कार्ड वाचून आल्या आणि खुर्चीत बसल्या. पहाटेपासून पहिल्यांदाच.

"एक पूर्णांक दोन आहे गं. मी दोन पूर्णांक एक धरलं."

मग सिस्टरनी तो कागद चार घड्या करून खिशात घातला. "बारा वाजू देत. सगळ्यांचं लावून होऊ दे. मग शंकासुराला फोन कर."

सव्वाबाराला तिने फोन लावला.

"सर, तुमचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालायला लागला. थँक यू म्हणायला फोन केला."

पलीकडून लगेच, "काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"आभार मानायला, सर."

"हं. ताडून बघितलंस?"

"सिस्टरनी हातानं केलं होतं, त्याच्याशी. एक चुकलेलं निघालं. त्यांचं."

"त्यांना सांगू नकोस."

"त्यांनीच शोधलं."

फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आता सांगून टाकावं. "सर, तुम्हाला ते शंकासुर नाव मीच ठेवलं होतं."

"माहितेय. तेव्हाच चौकशी केली होती मी." मग जरा थांबून, "बाळं किती आहेत सध्या?"

"अकरा."

"ठीक आहेत?"

"सगळी ठीक आहेत."

"यादी बघून सांगतेयस, की बाळं बघून?"

तिने हातातल्या यादीकडे पाहिलं. ती टेबलावर ठेवली, आणि फोन तसाच कानाला धरून आत गेली. पहिल्या पेटीपाशी थांबली. काचेपलीकडे मुठीएवढी छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"एक," ती हळू आवाजात म्हणाली.

पलीकडून घाई झाली नाही.